जहाज तेच, मार्गही तोच. मग कंपनी निवडण्याचा खटाटोप कशासाठी? एका प्रतिक्रियेला उत्तर

आपली सविस्तर प्रतिक्रिया लक्षपूर्वक वाचली. क्रूझच्या सफरींबाबत आपले म्हणणे थोडक्यात असे : बंदरे सगळ्यांची तीच असतात, जहाजेही जवळपास सारखीच असतात आणि बहुतेक कंपन्या शेवटी तीन-चार मालकांच्याच हातात आहेत, म्हणून आधी मार्ग ठरवावा, त्यावरचे सर्वांत स्वस्त तिकीट घ्यावे आणि मोकळे व्हावे. प्रवासाच्या पद्धतीला साजेशी क्रूझ कंपनी शोधा, हा माझा सल्ला आपल्याला लोकांना महागड्या जहाजांकडे वळवणारा वाटतो. हा आक्षेप अनेकांच्या मनात असतो, म्हणून त्याचे उत्तर नीट द्यायला हवे.

जहाजे सारखीच असतात, या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण ते विधान अक्षरशः खरे ठरावे अशी एक स्थिती प्रत्यक्षात आहे. रेनेसाँ क्रूझेस नावाच्या कंपनीने 1998 ते 2001 या काळात फ्रान्समधल्या सेंट-नाझेर येथे एकाच आराखड्याची आठ जहाजे बांधून घेतली. प्रत्येकाचे ग्रॉस टनेज, म्हणजे आतल्या बंदिस्त जागेचे माप, सुमारे 30 हजार आणि प्रवासी साधारण 700. कंपनी 2001 मध्ये बुडाली आणि कालांतराने ही जहाजे अझमारा व ओशियानिया या दोन कंपन्यांकडे चार-चार अशी गेली. सांगाडा एक, जिने एका जागी, केबिनांची मापे तीच. तरीही ओशियानियाने आपला सारा भर जेवणावर आणि स्वयंपाकघरावर ठेवला, तर अझमाराने बंदरात उशिरापर्यंत, कित्येकदा रात्रभर, थांबण्याला महत्त्व दिले. संध्याकाळी शहरातल्या रस्त्यांवरून रमतगमत फिरायला ज्याला आवडते आणि ज्याला दोन तास जेवणाच्या टेबलाशी निवांत बसायला आवडते, अशा दोघांना ही भगिनी जहाजे एकसारखी वाटणार नाहीत. फरक पोलादात नसून कंपनीने प्रवाशाचा दिवस कसा आखला आहे त्यात असतो.

मालकीचा मुद्दाही याच अंगाने पाहावा लागतो. कार्निव्हल कॉर्पोरेशनच्या छत्राखाली कार्निव्हल, प्रिन्सेस, हॉलंड अमेरिका, क्युनार्ड, सीबोर्न, कोस्टा अशा अनेक कंपन्या आहेत, हे आपण बरोबर सांगितले. मात्र मालक एक असल्यामुळेच या कंपन्या मुद्दाम एकमेकींपासून वेगळ्या ठेवल्या जातात. एकाच घरातल्या दोघींनी एकाच गिऱ्हाइकासाठी भांडण्यात मालकाचा फायदा नसतो. कार्निव्हलवर दिवसभर संगीत, घसरगुंड्या आणि गजबज असते. क्युनार्डच्या क्वीन मेरी 2 वर ठरावीक संध्याकाळी औपचारिक पोशाख अपेक्षित असतो, आणि साउदॅम्प्टन ते न्यूयॉर्क ही तिची सात रात्रींची फेरी सहसा वाटेत एकही बंदर न घेता पार पडते. या फेरीला आपला नियम लावून पाहावा. वाटेत बंदरच नाही, तरी लोक तिची आवर्जून वाट पाहतात. त्यांना हवा असतो तो समुद्रातला काळच.

बंदरे सगळ्यांची तीच असतात, या आपल्या मुख्य विधानाशी मात्र मी अजिबात सहमत नाही. अलास्कातल्या ग्लेशियर बे राष्ट्रीय उद्यानात दिवसाला जास्तीत जास्त दोन मोठ्या क्रूझ जहाजांना प्रवेश मिळतो आणि त्या परवान्यांचा मोठा वाटा प्रिन्सेस व हॉलंड अमेरिका यांच्याकडे आहे. अलास्काची सात रात्रींची दोन तिकिटे शेजारी ठेवली तर शहरांची नावे जुळतील, पण एका जहाजावरून ग्लेशियर बेमधल्या हिमनद्या दिसतील आणि दुसऱ्यावरून कदाचित दिसणार नाहीत. अंटार्क्टिकात हा भेद आणखी कठोर आहे. तिथल्या नियमांनुसार 500 पेक्षा अधिक प्रवासी असलेल्या जहाजाला कुणालाही किनाऱ्यावर उतरवता येत नाही, आणि लहान जहाजांनाही एका ठिकाणी एका वेळी 100 पेक्षा जास्त माणसे उतरवता येत नाहीत. मोठ्या जहाजाचे तिकीट स्वस्त पडते हे खरे, पण पेंग्विनांच्या वसाहतीजवळ उभे राहण्याचे स्वप्न घेऊन निघालेल्या माणसाला ते काय कामाचे?

व्हेनिसचे उदाहरणही पाहण्यासारखे आहे. 1 ऑगस्ट 2021 पासून 25 हजार ग्रॉस टनांहून मोठ्या जहाजांना तिथल्या सान मार्को चौकासमोरच्या जलमार्गातून जाण्यास बंदी आहे. त्यामुळे मोठ्या जहाजांच्या काही फेऱ्या व्हेनिसच्या नावाने विकल्या जातात, पण जहाज लागते सुमारे दीडशे किलोमीटर दूरच्या राव्हेनाला, आणि तिथून बसने जाण्या-येण्यातच दिवसातले चार-पाच तास जातात. सांतोरिनी या ग्रीक बेटावर जहाज धक्क्याला लागतच नाही. प्रवाशांना लहान बोटींतून किनाऱ्यावर न्यावे लागते. तीन हजार माणसे उतरवायची असली की सकाळचा किती वेळ रांगेत जातो, आणि सातशे उतरवायची असली की किती, याचा हिशेब सांगायला नको. मार्गपत्रकावर मात्र दोन्ही कंपन्या एकच नाव छापतात.

याला जोडूनच तासांचा हिशेब करावा. सात रात्रींच्या सफरीत 168 तास असतात. चार बंदरे असली आणि प्रत्येक ठिकाणी आठ-नऊ तास मिळाले, तरी जमिनीवरचा वेळ फार तर 36 तास. उरलेला सारा काळ जहाजावर जातो, आणि तो कसा जाईल हे कंपनी ठरवते. जेवणाची वेळ आणि टेबल ठरलेले असावे, रोज तेच सोबती व तोच वाढपी भेटावा, हे कुणाला सुखाचे वाटते. कुणाला ते बंधन वाटते. नॉर्वेजियन या क्रूझ कंपनीने 2000 साली ठरावीक वेळेची आणि पोशाखाची सक्ती काढून टाकली, ती अशा दुसऱ्या प्रकारच्या लोकांसाठीच. वायकिंग कंपनीच्या सागरी जहाजांवर 18 वर्षांखालील कुणाला घेत नाहीत आणि तिथे जुगाराचे दालनही नसते. भूमध्य समुद्रातल्या एमएससी कंपनीच्या फेऱ्यांवर प्रवासी जवळजवळ प्रत्येक बंदरात चढत-उतरत असतात आणि घोषणा अनेक भाषांमध्ये होतात. ज्यांना नाना देशांच्या माणसांत वावरायला आवडते त्यांना हे वातावरण मोहक वाटेल, आणि शांततेसाठी आलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी त्रास होईल.

गर्दीचा अंदाज आधी घेता येतो, त्याची एक साधी रीत सांगून ठेवतो. ग्रॉस टनेज हे जहाजाचे वजन नसून आतल्या बंदिस्त जागेचे माप आहे. त्याला प्रवासीसंख्येने भागले की माणशी किती जागा येते हे कळते. 2024 मध्ये सेवेत आलेल्या आयकॉन ऑफ द सीज या जहाजाचे टनेज सुमारे 2 लाख 48 हजार आहे. प्रत्येक केबिनमध्ये दोघे धरले तर 5,610 प्रवासी होतात आणि भागाकार 44 च्या आसपास येतो. पण शाळांच्या सुट्ट्यांत तिसरे-चौथे पलंगही भरले की हीच संख्या 7,600 पर्यंत जाते आणि भागाकार 33 वर उतरतो. सुमारे 930 प्रवाशांच्या वायकिंग स्टारवर तो 51 पर्यंत असतो. केवळ आकार पाहून मोठे जहाज ऐसपैस असेल असे समजणाऱ्याने हे गणित जरूर करावे.

हा सल्ला श्रीमंतांसाठी आहे, हा आपला आक्षेप मला सर्वांत जास्त लागला, कारण माझा अनुभव नेमका उलट सांगतो. साजेशी कंपनी ही महाग कंपनी असेलच असे नाही. पोहायला, चढायला, धावायला सोकावलेल्या दोन मुलांना घेऊन कुणी सीबोर्नच्या शांत, छोट्या जहाजावर गेले, तर पुष्कळ पैसे मोजूनही ते कुटुंब कंटाळून परतेल. तेच कार्निव्हल किंवा रॉयल कॅरिबियनवर कमी खर्चात आनंदात राहील. उलट स्वस्त दिसणाऱ्या तिकिटात पेये, इंटरनेट, किनाऱ्यावरच्या सहली आणि कर्मचाऱ्यांसाठी रोजच्या हिशेबाने लावली जाणारी टिप सहसा धरलेली नसते. रीजंट कंपनीच्या भाड्यात पेये आणि बहुतेक सहली असतात. वायकिंग प्रत्येक बंदरात एक सहल आणि जेवणासोबतची वाइन देते. जो दारू घेत नाही आणि शहर स्वतःच पायी पाहतो, त्याने या गोष्टींचे पैसे का भरावेत? त्याच्यासाठी साधे तिकीटच योग्य, आणि हेही आपली पद्धत ओळखल्यावरच कळते. एकट्याने जाणाऱ्याला तर बहुधा दोघांच्या केबिनचे पूर्ण भाडे पडते; नॉर्वेजियनने 2010 मध्ये एपिक जहाजावर एकट्यांसाठी छोट्या केबिना सुरू केल्या तेव्हापासून त्यांना थोडा दिलासा मिळाला आहे.

शेवटी आपण विचारले आहे की, आपल्याला भूमध्य समुद्राकाठची शहरे पायी पाहायची आहेत, जोडीदाराला समुद्रावरचा निवांतपणा हवा आहे आणि मुले सोबत नाहीत, तर मी काय निवडेन. मी प्रथम अझमारा पाहीन, आणि मुक्काम रात्रीपर्यंतचे आहेत ना हे तपासीन. ते आवाक्याबाहेर असेल तर हॉलंड अमेरिका. जहाज मोठे असले तरी तिथल्या संध्याकाळी संगीताभोवती फिरणाऱ्या आणि बऱ्याच शांत असतात. दोन्हींची मार्गपत्रके समोर ठेवून प्रत्येक बंदरासाठी जहाज कुठे लागते आणि प्रवाशांनी परत किती वाजता चढायचे आहे, एवढ्या दोन गोष्टी लिहून काढा, आणि तारीख शाळांच्या सुट्ट्यांच्या बाहेरची घ्या. तिकिटांच्या किमतींची तुलना त्यानंतर करा.