हंपी टाळावी का? एका प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय ताई,

सोलापूरहून हंपीला कुटुंबासह कसे जावे, या माझ्या लेखाखाली आपण लिहिलेली प्रतिक्रिया सविस्तर आहे आणि नुसते आभार मानून तिची बोळवण करणे बरे दिसणार नाही. आपले म्हणणे थोडक्यात असे: मार्च 2025 मध्ये जिथे पर्यटकांवर इतका भीषण हल्ला झाला, तिथे बायकामुलांना घेऊन जाण्याचा सल्ला देणे बेजबाबदारपणाचे आहे, पर्यटकांनी पाठ फिरवल्याखेरीज तिथले लोक आणि प्रशासन ताळ्यावर येणार नाही, आणि 'स्वतःच्या मुलीला तुम्ही तिकडे पाठवाल का?' हा आपला शेवटचा प्रश्न.

आधी घटना नेमकी काय होती ते पाहू, कारण पुढचा सगळा विचार तिच्या तपशिलांवर अवलंबून आहे. 6 मार्च 2025 च्या रात्री कोप्पळ जिल्ह्यातील साणापूरजवळ, तुंगभद्रेच्या डाव्या कालव्याच्या काठावर, एका होमस्टेची चालक असलेली स्त्री आपल्या चार पाहुण्यांना घेऊन तारे पाहत बसली होती. मोटारसायकलवरून आलेल्या तिघांनी आधी पेट्रोल कुठे मिळेल अशी चौकशी केली, मग पैसे मागितले आणि नकार मिळताच मारहाण करून पाहुण्यांपैकी तिन्ही पुरुषांना कालव्यात ढकलले. त्यातला ओडिशाचा तरुण बुडून मरण पावला. ती चालक स्त्री आणि एक इस्रायली तरुणी या दोघींवर बलात्कार झाला. काही दिवसांतच तिन्ही संशयितांना अटक झाली.

आपण 'तिथले लोक' असा शब्दप्रयोग केला आहे, आणि माझा पहिला मतभेद तिथेच आहे. ज्या दोघींवर अत्याचार झाला त्यांतली एक तिथलीच यजमान होती. पाहुण्यांना घर देणारी, त्यांना कालव्यावर घेऊन जाणारी, यातूनच पोट भरणारी. बहिष्कार घालायचा तर तो कोणावर? गुन्हेगारांना पर्यटनाच्या उत्पन्नाचे काडीचेही सोयरसुतक नव्हते. जिला होते, ती त्या रात्री त्यांच्याच तावडीत सापडली होती.

दुसरी बाब भूगोलाची. बातम्यांचे मथळे 'हंपीत' असे होते, पण साणापूर नदीच्या पलीकडे, वेगळ्या जिल्ह्यात आहे. विरूपाक्ष मंदिर, विठ्ठल मंदिर आणि पन्नासच्या नोटेवर आपण रोज पाहतो तो दगडी रथ हे सारे अलीकडच्या काठावर, विजयनगर जिल्ह्यात येते. दोन्ही काठांमधली होडी संध्याकाळी बंद होते आणि त्यानंतर रस्त्याने मोठा वळसा घालावा लागतो. हे मी अंतराचा काथ्याकूट करण्यासाठी सांगत नाही. आपल्या सोलापुरात एखाद्या आडरस्त्यावर खून झाला आणि त्यावरून नागपूरच्या कुटुंबाने अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर ही तिन्ही क्षेत्रे टाळायची ठरवली, तर आपण त्यांना काय म्हणू? घटना खोटी होती असे नक्कीच म्हणणार नाही. ती कुठे, किती वाजता आणि कोणत्या परिस्थितीत घडली ते आधी विचारा, असेच सांगू. परदेशी सरकारेही आपल्या नागरिकांना सूचना देताना इतका भेद करतातच. अमेरिकेच्या चार पायऱ्यांच्या पद्धतीत भारत एकूण दुसऱ्या पायरीवर असताना जम्मू-काश्मीरला मात्र चौथी, म्हणजे 'जाऊ नका' ही पायरी लावलेली आढळते.

काश्मीरचा उल्लेख मी मुद्दाम केला, कारण तिथे माझे उत्तर वेगळे असते. 22 एप्रिल 2025 रोजी पहलगामजवळच्या बैसरन पठारावर 26 जणांना मारण्यात आले, त्यांत महाराष्ट्राचे सहा जण होते, आणि तिथे पर्यटक हेच मारेकऱ्यांचे लक्ष्य होते. भरदिवसा, गर्दीच्या जागी, माणसे निवडून मारली गेली. अशा हिंसेपुढे पर्यटकाची कोणतीही खबरदारी चालत नाही, आणि त्यानंतर तिथल्या सरकारने 87 पैकी 48 स्थळे बंद केली तेव्हा 'जाऊ नये' हाच एकमेव शहाणा निर्णय होता. साणापूरचा गुन्हा त्या जातीचा नाही. तो निर्जन जागा, अंधार आणि हाकेच्या अंतरावर कोणी नसणे यांच्या आधाराने झाला. क्रौर्याच्या तराजूत दोन्ही सारखेच भरतील. पण प्रवास करावा की नाही हा निर्णय क्रौर्य मोजून घेता येत नाही, तो धोका पुन्हा कुठे आणि कसा उभा राहील हे पाहूनच घ्यावा लागतो.

इथे आकडे पुढे करण्याचा मोह होतो. 2022 मध्ये देशात खुनाचे सुमारे साडेअठ्ठावीस हजार गुन्हे नोंदले गेले आणि त्याच वर्षी रस्ते अपघातांत 1 लाख 68 हजारांहून अधिक माणसे गेली. म्हणजे हिशेबाने पाहिले तर विजापूर, इलकल, कुष्टगी असा होसपेटपर्यंतचा तीनशे किलोमीटरचा महामार्ग हीच सहलीतली सर्वांत जोखमीची गोष्ट ठरते. (आपल्यापैकी कितीजण मागच्या सीटवर पट्टा लावतात, हे मी इथे विचारत नाही.) परंतु हा हिशेब पुरुषांना जितका पटतो तितका स्त्रियांना पटत नाही, आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही. अपघाताची भीती गाडीतून उतरले की संपते. अत्याचाराची भीती लॉजच्या दाराच्या कडीपाशी, रिक्षात, मंदिराच्या मागच्या वाटेवर, अशी दिवसभर सोबत असते, आणि खुनाच्या आकड्यांत तिची नोंदही होत नाही. म्हणून आपल्या प्रतिक्रियेतला हा भाग मी पूर्णपणे मान्य करतो. मला खोडायचा आहे तो त्यावरून काढलेला निष्कर्ष.

तो निष्कर्ष न पटण्याचे कारण आपल्याच गावात आहे. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेला होम मैदानावर गड्डा, म्हणजे मोठी जत्रा, भरतो, तेव्हा एरवी आठच्या आत घरी या म्हणणाऱ्या घरांतल्या मुली, सुना, आज्यासुद्धा रात्री उशिरापर्यंत पाळण्यांच्या रांगेत उभ्या असतात. त्या काळापुरते सोलापूरकर अधिक सज्जन होत नाहीत. दिवे असतात, माणसांचा राबता असतो, पोलीस मदत केंद्र डोळ्यांसमोर असते आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे इतर स्त्रियाही असतात. बायका यायच्या बंद झाल्या, तर तेच मैदान राहिलेल्यांसाठी असुरक्षित होईल. पर्यटनस्थळाचेही तसेच आहे. कुटुंबे गेली नाहीत तर तिथले पर्यटन बंद पडत नाही, ते नुसते आडवाटेला सरकते, आणि त्या आडवाटांवर ना दिवे असतात ना पोलीस. हंपीच्या पलीकडच्या काठावर हे थोडे घडलेही आहे: 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर विरूपापूर गड्डे येथील लॉज-रिसॉर्टची बेकायदा बांधकामे पाडण्यात आली, आणि स्वस्त मुक्कामाचा ओघ साणापूर-आनेगुंदीच्या बाजूला वाढला. बांधकामे बेकायदा होती, ती पाडणे रास्तच होते. पण नव्या जागी वस्ती आधी पोहोचली आणि बंदोबस्त मागे राहिला.

त्यामुळे प्रशासनावर दबाव आणायचा तर तो जाऊनच आणावा लागेल. मुक्कामाची नोंदणी अधिकृत आहे का, नोंदवहीत ओळखपत्र लिहून घेतात का, रात्री आवारात कोण असते, हे प्रश्न आपल्याकडची मंडळी विचारत नाहीत. खोलीत गीझर आहे का आणि नाश्ता धरून किती, इथेच आपली चौकशी संपते. दहा कुटुंबांनी हे विचारून खोली नाकारली, तर अकराव्याला मालक आपणहून सांगू लागतो.

एक गोष्ट मात्र मला ठामपणे सांगितली पाहिजे, कारण याच चर्चेत अन्य एका वाचकाने 'रात्री कालव्यावर जायचे कशाला' असे लिहिले आहे. खबरदारीचा सल्ला पुढे जाणाऱ्यासाठी असतो. ज्यांच्यावर हल्ला झाला त्यांच्याकडे बोट दाखवण्यासाठी तो वापरू नये. तारे पाहणे हा गुन्हा नव्हता.

आता आपला शेवटचा प्रश्न. होय, मी मुलीला पाठवीन, मैत्रिणींबरोबर, माझ्याशिवायही. मुक्काम कमलापूर किंवा होसपेटला करावा, पलीकडचे आनेगुंदी आणि अंजनाद्रीचा डोंगर दिवसा पाहून शेवटच्या होडीच्या आधी अलीकडे यावे, कोणी कितीही आग्रह केला तरी अंधारात कालवा किंवा तलावाकडे जाऊ नये, आणि 112 हा क्रमांक कर्नाटकातही चालतो हे लक्षात ठेवावे, एवढे तिला सांगेन. यातली कालव्याची अट तिला आवडणार नाही आणि ती माझ्याशी वाद घालेल. मुलगा जाणार असता तरी मी हीच अट घातली असती, कारण त्या रात्री ज्याचा जीव गेला तो पुरुष होता.