देवभात म्हणजे तण नव्हे

तळ्यात आपोआप उगवणारं देवभात हे 'शेतातून निसटून रानटी झालेलं भात' असं देवभातावरच्या एका लेखात म्हटलंय, ते उलटं आहे. देवभात, शास्त्रीय नाव ओरायझा रुफिपोगॉन, हा आपल्या लागवडीच्या भाताचा रानटी पूर्वज. त्यातल्या वर्षायू, म्हणजे एकाच वर्षात जगून संपणाऱ्या, नीवार या रानटी भाताला 1965 मध्ये शर्मा आणि शास्त्री यांनी वेगळी जात मानून ओरायझा नीवारा असं नाव दिलं. काही अभ्यासक आजही त्याला रुफिपोगॉनमध्येच धरतात. वाद आहे तो इथे, आणि लेखात नेमका तोच नाही!

आमची आजी ऋषिपंचमीसाठी तळ्यात उतरून हे लालसर दाणे आणायची. पिकलं की हात लागताच झडतं, म्हणून लोंब्या आधीच एकत्र बांधून ठेवायची. लांब कुसळं टोचायची ती वेगळीच. शेतातलं भात असं झडत नाही. कापणीपर्यंत दाणा धरून ठेवणारी रोपंच माणसानं पिढ्यानपिढ्या निवडली.