जिमखाना पाडायचाच असेल तर

आमच्या कॉलेजचा जुना जिमखाना पाडावा की ठेवावा, यावरून आमच्या बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आठवडाभर वाद पेटलाय. 'पाडा' म्हणणाऱ्यांचं म्हणणं एवढंच, की इमारत जुनी झाली, उन्हाळ्यात आत भट्टी होते, एसी बसवता येत नाही. मी विरोध केला तर एकाने ऐकवलं, "तुला काय, तिकडे सगळं नवंकोरं!"

नवंकोरं? मी अमेरिकेत, कॅन्ससमधल्या लॉरेन्सला राहतो. इथल्या विद्यापीठाचं बास्केटबॉलचं बंदिस्त स्टेडियम, अ‍ॅलन फील्डहाउस १ मार्च १९५५ ला खुलं झालं आणि कित्येक दशकं एसीशिवाय चाललं. घामाघूम होऊनही लोक आले, कारण आत काय घडलंय हे त्यांना पाठ आहे. बास्केटबॉल शोधून काढणारे जेम्स नेस्मिथ १८९८ मध्ये याच विद्यापीठात आले. आतलं कोर्ट त्यांच्या नावाचं, इमारत त्यांचे शिष्य फॉग अ‍ॅलन यांच्या नावाची. ती बांधायची ठरली तेव्हा कोरियाच्या युद्धामुळे पोलाद मिळत नव्हतं, म्हणून आराखड्यात शस्त्रागाराची सोय घालून परवानगी मिळवली. एवढी धडपड एका खेळाच्या हॉलसाठी! आपल्याकडे खेळाचा विषय निघाला की पहिला प्रश्न, 'अभ्यासाचं काय?'

३ डिसेंबर १९५६ ला पुढे बास्केटबॉलचा दिग्गज ठरलेल्या विल्ट चेंबरलेनने विद्यापीठाच्या मुख्य संघाकडून पहिल्याच सामन्यात इथे ५२ गुण केले. १८ मार्च १९६८ ला सिनेटर रॉबर्ट केनेडी याच छपराखाली बोलले. देशाच्या उत्पन्नाच्या आकड्यात मुलांचं आरोग्य, त्यांच्या खेळातला आनंद मोजला जात नाही, असं ते म्हणाले होते. हे मी ग्रुपवर लिहिलं. कुणी उत्तर दिलं नाही.

एक गोष्ट मात्र मी लिहिली नाही. याच विद्यापीठाने त्याआधीचं रॉबिन्सन जिम्नॅशियम पाडलंय. तिथे आता वर्गांची इमारत आहे, तिच्यासमोरून मी रोज जातो. माझ्या मुद्द्याला ते सोयीचं नव्हतं.

मग आमच्या व्हॉलीबॉलच्या कॅप्टनने विचारलं, "तू जिमखान्यात यायचास तरी कधी रे?"

नव्हतोच जात. शिकवणी, घर, पुन्हा शिकवणी. तिथे गेलो तो परीक्षेला, कारण वर्ग पुरत नसत आणि बाकं जिमखान्यात मांडत. फील्डहाउसमध्ये मात्र सगळ्यांबरोबर 'रॉक चॉक, जेहॉक' हा विद्यापीठाचा जयघोष म्हणताना माझा आवाज आता अडखळत नाही. पण शेजारचे आजोबा 'माझे वडील त्या तिथे बसायचे' म्हणून वरच्या रांगेकडे बोट दाखवतात, तेव्हा मला बोट दाखवायला तिथे जागा नसते. जिमखान्यात होती. खिडकीकडून तिसरी रांग, बाकावर खडूने लिहिलेला माझा परीक्षा क्रमांक.

पाडायचाच असेल तर निदान मी डिसेंबरात येईपर्यंत थांबा.