हिला नॉच कुठे आहेत?

“अंकल, आप एक काम करो. चाबीवाली ले लो.”

अब्दुल रहमान स्ट्रीटवरच्या एका खेळण्यांच्या दुकानात, मिसरूड नुकतंच फुटलेल्या पोराने चार गिऱ्हाइकांदेखत मला हे ऐकवलं, त्याला आज तीन दिवस झाले. अजून वरणभाताबरोबर ते वाक्य वर येतं. ‘अंकल’चं काही नाही, तेवढं आता दिसतं. पण चावीची गाडी? मला?

भाच्याला सातवं लागलं आणि त्याची पहिली रिमोटची गाडी मामाने आणायची, असं ताईने परस्पर ठरवून टाकलं. “तुला त्यातलं कळतं ना!” कळतं, तिथेच तर सगळा घोळ आहे. सोसायटीतल्या बंद पडलेल्या गाड्या पोरं माझ्याकडे आणून टाकतात. त्यांची पोटं उघडून पाहिल्यामुळे दुकानात शिरताना माझ्या डोक्यात प्रश्नांची यादी असते, आणि यादी घेऊन आलेलं गिऱ्हाईक क्रॉफर्ड मार्केटच्या त्या बाजूला कुणालाच आवडत नाही. तिथे डझनाचा भाव विचारायचा, पिशवी धरायची, बाजूला सरायचं.

मी विचारलं, “प्रपोर्शनल आहे का?”

“फुल फंक्शन है.”

मेख इथेच आहे. फुल फंक्शन म्हणजे गाडी पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे जाते, बस. किती जाते, याचा त्या शब्दांत पत्ता नाही. स्वस्तातल्या रिमोटचं बटण म्हणजे दिव्याचं बटण, चालू नाहीतर बंद. पुढच्या चाकांपाशी बहुतेक वेळा तारेचं एक वेटोळं आणि लोहचुंबक असतं. करंट मिळाला की चाकं एका अंगाला पूर्ण वळतात, तुटला की सरळ होतात. अधलंमधलं काही नाही. पोराला टेबलाच्या पायाला वळसा घालायचा असतो आणि गाडी नेमकी पायावर जाते. दहादा जाते. मग पोराला वाटतं आपल्यालाच जमत नाही, आणि गाडी माळ्यावर जाते. प्रपोर्शनल गाडीत रिमोटचं चाक जेवढं फिरवाल तेवढीच गाडीची चाकं वळतात, ट्रिगर जेवढा ओढाल तेवढाच वेग. सहा-सात वर्षांच्या मुलाचा दोन संध्याकाळींत हात बसतो.

डब्यावरच्या फोटोवरून थोडा अंदाज येतो. रिमोटवर बाणांची चार बटणं दिसली तर डबा खाली ठेवा. पिस्तुलासारखा रिमोट आणि त्याच्या बाजूला स्पंजचं चाक असेल तर आशा ठेवा. नुसती आशाच, कारण त्या ऐटदार चाकाच्या पोटातही दोन टिकटिक बटणं बसवलेली मी पाहिली आहेत. चाक हळूहळू फिरवून बघायला हवं, आणि त्यासाठी डबा उघडायला हवा.

“डब्बा खुलेगा नहीं. खुला तो लेना पडेगा.”

बरं. रिमोटची रेडिओलहर २७ मेगाहर्ट्झची की २.४ गिगाहर्ट्झची? पोराने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी गाडीचा रक्तगट विचारला. २७ वाली चालत नाही असं नाही. पण वाढदिवसाला मामा आणि काका दोघांनी तीच गाडी आणली, की एका रिमोटवर दोन्ही गाड्या धावतात आणि दोन घरांत बोलणं बंद होतं. २.४ मध्ये गाडी आणि रिमोट सुरू केले की आपापसात जोडी जमवतात, तिसऱ्याचं ऐकत नाहीत. जुन्या रिमोटला ती लांबलचक ओढायची काठी, म्हणजे अँटेना, का असायची, तेही यातच आलं. अशी काठी साधारण लहरीच्या पाव लांबीची लागते. २७ मेगाहर्ट्झच्या लहरीची पाव लांबी पावणेतीन मीटर भरते, २.४ गिगाहर्ट्झची तीन सेंटिमीटर. काठी पूर्ण कधीच नसायची, पण भावंडाच्या डोळ्यात जाण्यापुरती असायची. निकोला टेस्लाने १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रेडिओवर चालणारी बोट दाखवली, तेव्हा निदान ती पाण्यात सोडून दाखवली. ‘डब्बा खुलेगा नहीं’ असं तो कुणाला म्हणाल्याचं ऐकिवात नाही.

शेवटी मी आयएसआयची खूण विचारली. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर ती सक्तीची आहे, विजेवर चालणाऱ्यांना आयएस १५६४४ हे मानक लागतं, वगैरे मी सांगत होतो. पोराने ड्रॉवर उघडला.

“स्टिकर चाहिए? कौनसा लगाऊँ?”

आणि मी घसा खाकरून पुढचं बोलणार, तोच ते चाबीवालीचं वाक्य आलं.

त्याच वेळी मागून कुणीतरी विचारलं, “हिला नॉच कुठे आहेत?”

सत्तरीचे गृहस्थ. पांढरा हाफ शर्ट, खिशात डायरी, हातात रिकामी कापडी पिशवी. त्यांची बायको पलीकडच्या दुकानात हळदीकुंकवाच्या वाणासाठी पन्नास गाळण्या निवडत होती आणि हे वेळ काढायला इकडे आले होते. काउंटरवर दाखवायची म्हणून एक ओरखडलेली लाल गाडी ठेवली होती, तिचा रिमोट त्यांनी सरळ उचलला होता.

“मोटरमन होतो. सेंट्रल. चौतीस वर्षं.” हे त्यांनी मला नाही, रिमोटला सांगितलं. मग बटण दाबलं. गाडी काउंटरवरून सुटली आणि पोराने ती हवेत झेलली.

“अरे, ही एकदम उठते! गाडी उठवायची म्हणजे हँडलचा पहिला नॉच, पहिली पायरी, मग दुसरा. अशी उठवली तर आतल्या पॅसेंजरचं काय होईल?”

“काका, आत कुणी नाही,” मी म्हटलं.

“नाही कसं? ड्रायव्हर आहे की.”

होता. हेल्मेट घातलेला, कमरेपर्यंतच होता, पण होता.

“हिची बॅटरी किती व्होल्टची?”

“३.७,” मी म्हणालो. कुणीतरी मला काहीतरी विचारल्याचा मला आनंद झाला होता.

“आमची १,५०० होती. डीसी. नंतर २५,००० झाली, एसी. पण नॉचशिवाय कुणी गाडी दिली नाही आम्हाला.”

मग त्यांनी दोन खोक्यांच्या मधल्या बोळात गाडी जमिनीवर ठेवली, चष्मा वर सरकवला आणि पोराला म्हणाले, “बेल दे.”

“क्या?”

“दोन बेल. गार्डने दोन बेल दिल्याशिवाय गाडी उठत नाही.”

आणि ज्या पोराने माझ्यासाठी एक डबा उघडला नव्हता, तो पोरगा गंभीर चेहऱ्याने म्हणाला, “टण टण.”

मला जे लागलं ते हे. चाबीवाली एक वेळ सोडून देईन.

गाडी सुटली, बोळाच्या टोकाला फुगे भरायच्या पंपांच्या खोक्यात घुसली आणि आतच घरघरत राहिली. काका म्हणाले, “लाल सिग्नल ओलांडला. चौकशी लागणार.” दुकानात आता सहा-सात जण जमले होते. खरेदी कुणीच करत नव्हतं आणि दुकानदाराची त्याला हरकतही दिसत नव्हती. हरकत फक्त प्रपोर्शनलला होती.

मग काकांनी तो प्रश्न विचारला.

“हातातला रिमोट बंद पडला तर गाडी थांबते का? आमचा हँडल दाबूनच धरावा लागतो. मोटरमनला काही झालं, हात सुटला, की ब्रेक लागतो. डेड मॅन्स हँडल. हिचं काय?”

मी गप्प. माझ्या यादीत हा प्रश्न नव्हता, आणि तो पहिला असायला हवा होता. बटण सोडल्यावर थांबणं वेगळं आणि सिग्नल तुटल्यावर थांबणं वेगळं. रिमोटचे सेल उतरतात, गाडी लांब जाते, त्या वेळी तिने आपणहून थांबलं पाहिजे. तपासायला काही लागत नाही. गाडी हातात उचलून चाकं फिरती ठेवायची, आणि रिमोटचा स्विच बंद करायचा. चाकं लगेच थांबली तर ठीक, फिरतच राहिली तर गाडी परत द्यायची. म्हणून तर चालू करताना आधी रिमोट, मग गाडी, आणि बंद करताना आधी गाडी, मग रिमोट, असा क्रम ठेवतात. हे सगळं मला पाठ आहे. पण दुकानात आठवलं ते त्यांना, ज्यांनी आयुष्यात खेळण्यातली गाडी विकत घेतली नसावी.

पुढे काय झालं ते सांगायला जिवावर येतं. पोराने तीन डबे उघडले. काकांसाठी. पहिल्या दोन गाड्या त्यांनी “हिला नॉच नाही” म्हणून परत केल्या. तिसरी १:१६ ची, म्हणजे खऱ्या गाडीच्या एक सोळांश मापाची निघाली, पिस्तूल-रिमोटची, जाड रबरी टायरांची. काकांनी ट्रिगर जेमतेम ओढला आणि गाडी मुंगीच्या चालीने निघाली, वळली, माझ्या चपलेपासून बोटभर अंतरावर थांबली.

“प्लॅटफॉर्मला लागली,” ते म्हणाले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पोराने गाडी पॅक केली, पिशवी काकांच्या हातात दिली आणि बिल माझ्या.

सीएसएमटीपर्यंत चालताना मी स्वतःची समजूत घातली, की निवड तर बरोबरच झाली. १:१६ म्हणजे साधारण हातभर लांबीच्या आतली गाडी. १:२४ ची त्याहून लहान, हलकी आणि दिसायला गोंडस, पण पायपुसण्यावर चढली की तिथेच बसते. १:१० ची घेतलीत तर दीड-दोन किलोचा ऐवज आजीच्या घोट्यावर येतो. आणि वेगाचे आकडे! डब्यावर किलोमीटर छापतात, घराचे फूट कुणी मोजत नाही. ताशी १५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला चार मीटरहून थोडं जास्त. आपला हॉल चौदा फूट, म्हणजे सव्वाचार मीटर. गाडी दारातून निघाली की एका सेकंदात टीव्हीखाली. रिमोटवर वेग कमी करायचं बटण असेल तर ते कमीवर लावून, मुलाला पहिला आठवडाभर गाडीच्या मागेच उभं करावं. समोरून येणाऱ्या गाडीचं डावं-उजवं उलटं होतं, ते मेंदूत बसायला वेळ लागतो. आणि नंतर गाडी विनाकारण मंदावली तर मोटरला शिव्या देण्याआधी मागच्या आसावर बघावं. तिथे घरातल्या बायकांचे केस आणि साडीचे दोरे गुंडाळलेले असतात. चिमट्याने निघतात.

बॅटरीचा हिशेब तर कुणी सांगतच नाही. माझ्या डब्यात १,२०० मिलिअँपिअर-अवरची, म्हणजे तासभर १.२ अँपिअर देणारी बॅटरी होती. मोटर सरासरी ४ अँपिअर ओढते असं धरलं तर १८ मिनिटं. चार्जिंगची वायर अर्धा अँपिअर देते, म्हणजे अडीच तास. अठरा मिनिटं गाडी आणि अडीच तास रडारड. म्हणून दुसरी बॅटरी घ्यावी लागते, आणि ती घेताना नुसता प्लग जुळतो का पाहून चालत नाही, लाल वायर त्याच बाजूला आहे का ते बघावं लागतं. प्लग तोच आणि वायरी उलट, असे नग सर्रास मिळतात. खेळून गरम झालेली बॅटरी पंधरा मिनिटं निवल्याशिवाय चार्जिंगला लावू नये, फुगलेली तर लावूच नये. काही गाड्यांना टाइप-सीचं भोक असतं, पण दोन्हीकडे सी असलेली वायर लावली की त्या ढिम्म. गाडी बिघडलेली नसते, बनवणाऱ्याने चार्जरला ओळख पटवणारे दोन रेझिस्टर वाचवलेले असतात. दुसरं टोक जुनं, चपटं असलेली वायर लावली की चार्ज होते.

आणि इतकं करून ती चालवायची कुठे? सोसायटीच्या आवारात ‘येथे खेळण्यास सक्त मनाई आहे’ ही पाटी, पाटीखाली खऱ्या गाड्या, महिनोन्‌महिने कव्हर घातलेल्या, ज्या कुणी चालवतही नाही. बागेत गेलं तर शिट्टी. फुटपाथ फेरीवाल्यांचा आणि मोटरसायकलींचा. चौपाटीवर कुणी नेत असेल तर नेऊ नये, खारी वाळू एका दुपारी गिअर खाऊन टाकते आणि डब्यावरचं ‘वॉटरप्रूफ’ तिला वाचता येत नाही. उरतो जिना आणि लिफ्टमधला पॅसेज, तिथे शेजारच्या आजोबांची झोप. सोसायटीच्या सभेत हा विषय मी दोनदा काढला. दोन्ही वेळा पार्किंगच्या भाड्यावर चर्चा होऊन सभा संपली. तीन हजाराची गाडी घेऊन पोराने ती पलंगाखाली चालवायची, ही आपल्या शहराची तऱ्हा. असो.

लोकलमध्ये शिरलो तर खिडकीशी काका. मांडीवर पन्नास गाळण्या. शेजारी काकू, त्यांनी सरकून मला चौथी सीट दिली. गाडी उठली, काकांनी डोळे मिटले, दोनदा मान हलवली आणि म्हणाले, “बरा आहे पोरगा.” मग डोळे उघडून, “कितीला दिली शेवटी?”

३,२०० पडले होते.

“अठ्ठावीसशे,” मी म्हटलं.

“फसलात. डोंबिवलीला अडीच हजारात मिळते.”

“अहो, तुम्हाला काय माहीत?” काकू म्हणाल्या.

काकांनी उत्तर दिलं नाही. माझ्या पिशवीतला डबा बाहेर काढून तो चारही बाजूंनी वाचला, आणि सर्वांत खालच्या बारीक ओळीवर बोट ठेवलं.

“रिमोटचे दोन पेन्सिल सेल यात नाहीत. घेतलेत ना?”

गाडीने तेव्हा मशीद सोडलं होतं.