चिमणीला बॅग फिल्टर बसवला म्हणून कार्बन शून्य होत नाही

सोलापूरच्या टॉवेल कारखानदारांत सध्या एक संदेश फिरत आहे: बॅग फिल्टर असेल तर कार्बन शून्य, विजेला धूर नाही म्हणून ती मोजायची नाही, आवारात झाडे लावली की उरलेला हिशेब मिटतो, आणि लहान कारखान्यांना तसेही बंधन नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीत डाइंग चालवणारा माझा मावसभाऊ त्यावर विसंबून परदेशी खरेदीदाराने मागितलेल्या कार्बन उत्सर्जनाच्या तक्त्यात शून्य भरायला निघाला होता, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

सर्वांत घातक दावा फिल्टरचा. बॅग फिल्टर राख आणि धूलिकण अडवतो; कार्बन डायऑक्साइड हा रंगहीन वायू त्या कापडातून सरळ निघून जातो. एक किलो कार्बन पूर्ण जळला की सुमारे 3.67 किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, मग चिमणीतून धूर दिसो वा न दिसो. म्हणूनच हा हिशेब चिमणीकडे पाहून नव्हे, तर कोळशाच्या आणि डिझेलच्या पावत्यांवरून करतात; डिझेलच्या एका लिटरमागे सुमारे 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरावा लागतो.

विजेबाबत ‘जीएचजी प्रोटोकॉल’ ही हरितगृह वायूंचा हिशेब मांडण्याची जगभर वापरली जाणारी नियमावली स्पष्ट आहे. तिच्या 2004 च्या सुधारित आवृत्तीनुसार उत्सर्जनाचे तीन गट (स्कोप) आहेत: कारखान्यात जळणारे इंधन स्कोप 1 मध्ये, विकत घेतलेली वीज स्कोप 2 मध्ये, तर कच्चा माल, वाहतूक वगैरे स्कोप 3 मध्ये येते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आकडेवारीप्रमाणे ग्रिडच्या एका युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड पडतो, म्हणजे महिन्याला 10,000 युनिटचे 7 टन झाले. फताटेवाडीचे कोळशावर चालणारे औष्णिक वीज केंद्र शेजारी असताना सोलापूरकरांनीच विजेला धूर नसतो असे म्हणावे, याचा संताप येतो.

बंधनाचा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे, हे मान्य करावे लागते. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीचा ‘बीआरएसआर’ हा पर्यावरण व सामाजिक जबाबदारीचा अहवाल बाजारातील आघाडीच्या 1,000 कंपन्यांना सक्तीचा आहे, आणि आयात मालावरील युरोपच्या कार्बन शुल्कात पोलाद, सिमेंट, ॲल्युमिनियम आहे, टॉवेल नाही. परंतु आपला कोळसा आणि आपली वीज हाच खरेदीदाराचा स्कोप 3 असल्यामुळे तो विचारणारच, आणि खोटे शून्य वीजबिलाशी ताडून पाहताच उघडे पडेल.

झाडे जरूर लावावीत. प्रोटोकॉलनुसार ती उत्सर्जनातून वजा होत नाहीत, वेगळी दाखवावी लागतात. खरी घट कोळशाच्या बॉयलरवर तयार होणाऱ्या वाफेत आहे. स्टीम ट्रॅप ही वाफ अडवून तिचे थंड होऊन झालेले पाणी, म्हणजे कंडेन्सेट, तेवढे बाहेर सोडणारी झडप; ती बिघडून उघडी राहिली की चांगली वाफही कंडेन्सेटच्या पाइपात जात राहते, आणि ते गरम पाणी बॉयलरला परत न नेता गटारात गेले की थंड पाणी तापवायला जादा कोळसा जळतो. ट्रॅप बदलून कंडेन्सेट परत घेतले, तर तेवढ्याच मालामागे कोळसा कमी लागतो आणि ती घट पावत्यांतच आकड्याने दिसते.