जलद वाट फक्त आस्कीला? प्रतिक्रियेला उत्तर

तुमचा आक्षेप असा, की पोस्टग्रेस या डेटाबेसने १४व्या आवृत्तीत युनिकोड नॉर्मलायझेशनच्या (एकच अक्षर वेगवेगळ्या कोडांनी लिहिलं असलं तरी ठरलेल्या एका रूपात आणण्याच्या) अक्षर-तक्त्यांत बायनरी सर्चऐवजी परफेक्ट हॅश (एका झटक्यात नेमकी जागा सांगणारा शोध) आणला, तरी देवनागरी मजकुरावर फरक जाणवत नाही. निम्मा मान्य. सगळा वेळ या तक्त्यांतल्या शोधातच जातो असं मी लिहिलं होतं, ते चुकलं. नॉर्मलाइझ करताना यूटीएफ-८ मजकुराचा अक्षराला चार बाइट असा अ‍ॅरे बनतो, अक्षरं सुटी करायला (विघटनाला) वेगळी जागा, पुन्हा जोडायला वेगळी, मग पुन्हा यूटीएफ-८. हॅशने वाचवलेलं या उठाठेवीत बुडतं.

आस्कीला (साध्या इंग्रजी अक्षरांना) चालणारी, आठ बाइट एकदम घेऊन वरचे बिट तपासण्याची युक्ती देवनागरीत चालत नाही, हेही खरं; इथे प्रत्येक अक्षराचे तिन्ही बाइट वरचा बिट लावूनच येतात. पण देवनागरीच्या १२८ जागांच्या मुख्य ब्लॉकमध्ये एनएफसीच्या (अक्षर आणि चिन्ह जमेल तिथे एकाच कोडात जोडणाऱ्या रूपाच्या) क्विक चेकला (मजकूर आधीच त्या रूपात आहे का, या झटपट तपासणीला) 'नाही' म्हणणारी अक्षरं आठच, क़ पासून य़ पर्यंत. 'कदाचित' म्हणणारा एकटा नुक्ता (अक्षराखालचा टिंब). तेव्हा १२८ बाइटांचा साधा अ‍ॅरे पुरे, हॅशसुद्धा नको. कंबाइनिंग क्लासही (चिन्हांचा क्रम ठरवणारा आकडा) त्यातच कोंबा: नुक्ता ७, हलंत ९. हलंतानंतर लगेच नुक्ता आला तर क्रम चुकला, म्हणजे 'नाही'.

खरी गळती 'कदाचित'पाशी आहे. ड आणि सुटा नुक्ता ही जोडी एनएफसीतच असते, तरी नुक्ता दिसला की पोस्टग्रेसचं 'इज नॉर्मलाइझ्ड' अख्खी स्ट्रिंग नॉर्मलाइझ करून ताडून बघतं. हिंदी नोंदी मिसळलेल्या डेटाबेस टेबलात असं ओळीओळीला होतं. वास्तविक नुक्ता जोडला जातो फक्त न, र आणि ळ यांना. लगेच मागचं अक्षर या तिघांपैकी असेल तर उत्तर 'नाही'. दुसरं कुठलंही मूळ अक्षर असेल तर बिनधास्त पुढे जा. मधे आणखी एखादं चिन्ह असेल तरच लांबची वाट.

'लिहितानाच एकदा नॉर्मलाइझ करा' ही तुमची सूचना रास्त. कॉलमवर चेक कन्स्ट्रेंट (न बसणारा मजकूर नाकारणारी अट) लावा. पण एनएफसीतल्या दोन स्ट्रिंग जोडल्यावर निकाल एनएफसीत राहीलच असं नाही. पहिली र वर संपली आणि दुसरी नुक्त्याने सुरू झाली, की बिघडलं.

'तऱ्हा' या शब्दाच्या तुमच्या दोन नोंदी जुळत नाहीत त्याचा वेगाशी संबंध नाही. एकीत ऱ आहे, दुसरीत र, हलंत आणि झेडडब्ल्यूजे (न दिसणारं जोडचिन्ह). एनएफसी काय, एनएफकेसी (त्याचं जास्त सैल भावंड) काय, कोणीच त्यांना एक मानत नाही. झेडडब्ल्यूजे नुसता उडवू नका, 'तर्हा' होईल. ती तिकडी ऱ आणि हलंताने बदला, तीही इंडेक्स बांधण्याआधी.