मायच्या डब्यातून काय काय बाद झालं

पावसाळा लागला की व्हॉट्सॲपवर 'आजीबाईचा बटवा' फिरायला लागतो. ओवा, हळद, सुंठ, अडुळसा, आणि शेवटी ठरलेलं वाक्य: आपले पूर्वज डॉक्टरशिवाय शंभर वर्षं जगायचे. कुणाचे पूर्वज? आमचे तरी नाही. माझ्या आजीची निम्मी लेकरं शाळेच्या वयापर्यंतही पोचली नाहीत, आणि त्यात तिचं काही जगावेगळं नव्हतं. आमच्याकडे म्हाताऱ्या एकमेकींना विचारायच्या, "कितला व्हयनात, कितला जगनात?" दोन वेगळे आकडे असणार हे सगळ्यांनीच धरलेलं असायचं.

माझ्या मायकडे बटवा नव्हता. डालडाचा पिवळा पत्र्याचा डबा होता. त्या डब्यातलं शहाणपण पिढ्यान् पिढ्या जसंच्या तसं आलं, असं कुणी म्हटलं की मला राग येतो. माय त्यात आयुष्यभर काढघाल करत राहिली. तिने काय जपलं त्यापेक्षा तिने काय फेकून दिलं, याचं मला जास्त कौतुक आहे.

तिचं माहेर साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठी. तिकडे फडाची शेती. नदीवर दगडी बंधारा, बंधाऱ्यातून पाट, आणि पाटाखालचं रान फडांमध्ये वाटलेलं. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं आणि पाटकरी ज्याच्या वावरात पाणी सोडेल त्याने ते मुकाट्याने घ्यायचं. कित्येक पिढ्या हे गावानेच चालवलं. (सहकार आम्हाला शहराने शिकवला असं समजणाऱ्यांनी एकदा पांझरेकाठचे बंधारे बघून यावेत.) पाणी असल्यामुळे तिच्या माहेरी परसात अडुळसा होता, गवती चहा होता, हळद घरची होती.

लग्न होऊन ती आली अमळनेर तालुक्यातल्या आमच्या कोरडवाहू गावात. कपाशी, बाजरी, भारी जमिनीत दादर, म्हणजे रब्बीची ज्वारी. प्यायचं पाणी विहिरीवरून शेंदून आणायचं, तिथे गवती चहाला कोण पाणी घालणार? माहेरचं अर्धं औषध माहेरीच राहिलं. इथे सासूकडून तिने कडुनिंब, एरंड, रुई, बाभळीची साल आणि बांधावरची एकदांडी शिकून घेतली. एकाच जिल्ह्याच्या, म्हणजे जुन्या खान्देशच्या, दोन भागांतली औषधं इतकी वेगळी. तरी फॉरवर्डमध्ये अख्ख्या भारताचा एकच बटवा असतो.

बहात्तरच्या दुष्काळात ती सासूबरोबर खडी फोडायला जायची. बोटं फुटायची. एकदांडीचा पाला तळहातावर चुरगाळून तो रस लावायचा आणि पुन्हा हातोडी उचलायची. कामावर सुकडी मिळायची, रेशनला लाल मिलो, म्हणजे बाहेरून आलेली ज्वारी. मिलोच्या भाकरीने पोटं बिघडायची, त्यामुळे त्या साली दाणे कमी आणि ओवा जास्त खपला, असं बाप सांगायचा. घरगुती उपायांच्या पोस्टीत हे वाक्य कधी येत नाही की हे उपाय घरातच करावे लागायचे, कारण दवाखाना तालुक्याला, तिथे जायला बैलगाडी आणि गेलेल्या दिवसाची मजुरी बुडालेली.

आता फेकलेल्या गोष्टींकडे येतो.

पहिलं म्हणजे हगवणीत पाणी तोडणं. लेकराला हगवण लागली की पाणी बंद, हा आजीचा पक्का नियम. "पानी दिधं का हगवण वाढस." माझ्या आधीचा भाऊ असाच गेला. तो सुकत गेला, पाणी मागत गेला. पुढे गावात येणाऱ्या नर्सबाईने मायला साखर-मिठाचं पाणी शिकवलं: एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चव घेऊन बघायची, डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर टाकून द्यायचं. साखर सोबत असली की आतडं मीठ आणि पाणी आत ओढून घेतं, हे त्यामागचं कारण. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत पटकीची साथ पसरली, तेव्हा सलाइन संपल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी असंच पाणी पाजून हजारो माणसं वाचवली. मायला यातलं काहीच माहीत नव्हतं. पण माझ्या बहिणीला हगवण लागली तेव्हा ती सासूसमोर उंबऱ्यात बसून वाटीने पाणी पाजत राहिली. आजी दोन दिवस बोलली नाही. बहीण आज नातवंडं खेळवते. ओआरएसच्या पुड्या मिळायला लागल्यावर मायने साखर-मीठही सोडलं, पुड्या डब्यात टाकल्या.

मग बिब्बा. पायात काटा मोडला की बिब्बा तापवून त्याच्या तेलाचा चटका द्यायचा. बापाच्या टाचेला त्याचा काळा व्रण मरेपर्यंत होता. काटा कुठे गेला कुणास ठाऊक, जखम मात्र महिनाभर वाहायची. मग लेकराचं पोट फुगलं की डाग देणं, म्हणजे तापवलेल्या लोखंडाने पोटावर चटके देणं. माझ्या काकाच्या पोटावर ते डाग होते. मायने घरात डाग देऊ दिला नाही, एवढंच मला माहीत आहे, त्यावरून काय भांडण झालं ते तिने कधी सांगितलं नाही. कानात लसणाचं तेल बंद. तान्ह्याला मध चाटवणंही बंद, तेही नर्सबाईच्याच सांगण्यावरून. विंचू चावला की उतारा आणि मंतर बंद. डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिनची गोळी लागू पडते हे महाडकडे काम करताना दाखवून दिलं, आणि ती सरकारी दवाखान्यांत पोचली. आमच्या गावाला मंतर म्हणणारे दोघं होते. मायमुळे त्यांचं गिऱ्हाईक तुटलं, असं ते चारचौघांत म्हणायचे.

उरलं काय? ओवा, सुंठ-गूळ, हळद, एरंडेल, बाळंतिणीला शेपू आणि डिंकाचे लाडू, आजाऱ्याला ज्वारीच्या कण्या. साधं पोट, साधा खोकला, साधी थकावट. आणि साधं कुठे संपतं ते तिला नेमकं कळायचं. खोकणाऱ्या लेकराचं झबलं वर करून ती छाती बघायची. श्वास घेताना बरगड्यांखालचा खळगा आत ओढला जायला लागला की हळद-दूध बाजूला: "आते घर बठू नका, गाडं जुपा." फॉरवर्डमध्ये हळद-दुधाची कृती असते, गाडं कधी जुपायचं ते नसतं. माझ्या मते अर्धं औषध तिथेच गळून पडतं.

एकदा कपाशीवर फवारणी करून बाप घरी आला तो तोंडाला लाळ, अंग घामाने भिजलेलं, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. शेजारच्या बाया ताक घेऊन धावल्या. मायने ताक दारातच अडवलं, त्याचे कपडे उतरवले, साबणाने अंग धुतलं आणि फवारणीच्या औषधाचा डबा, त्यावरच्या जहाल विषाच्या लाल त्रिकोणासकट, गाडीत सोबत ठेवून त्याला दवाखान्यात पाठवलं. तिथे ॲट्रोपिनवर तो वाचला. हे ती कुठे शिकली? ग्रामसेवकाच्या ओट्यावर कृषी सहायकाची सभा होती, आणि माय तिथे वाळत घातलेल्या मिरच्या राखत बसली होती. सभा पुरुषांची होती. ऐकलं तिने.

एक गोष्ट मात्र तिने फेकली नाही: मिश्री. दाढ दुखते म्हणून लग्नानंतर लावायला लागली ती सुटलीच नाही. तंबाखू भाजून केलेली ती काळी पूड त्याच डब्यात, वेगळ्या डबीत. सुनांना लोहाच्या लाल गोळ्या समोर उभं राहून गिळायला लावणारी बाई स्वतः कधी घ्यायची नाही, आणि चक्कर आली की मिश्री लावून ओसरीवर टेकायची. तिचं बाळंतपण झाल्यावर लाडू कुणी केले, असं मी एकदा विचारलं होतं. "कोनी करनारं व्हतं?" एवढंच म्हणाली आणि जात्याकडे वळली.

खाली कमेंटमध्ये आलं-मधाचा काढा लिहू नका, तो सगळ्यांना येतो. तुमच्या मायने, आजीने जाणूनबुजून काय बंद केलं, आणि कुणाशी भांडून, ते लिहा. धुळे, जळगाव, नंदुरबारकडच्यांनी तर नक्की लिहा. डागणीबद्दल बोलायला लोक अजून लाजतात, त्यांच्यासाठी इनबॉक्स आहे.